कशामुळे?

माझे जुने पेशंट असलेले काका गेले त्या रात्री त्यांच्या धाकट्या मुलाने माझं दार वाजवलं तेव्हा अडीच वाजले होते. २००६ चा डिसेंबर. लालबागची चाळ, लाकडी जिना, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत शेजारीपाजारी शाली पांघरून उभे. खोलीत काकांना खाली चटईवर घेतलं होतं. मी नाडी पाहिली, स्टेथोस्कोप छातीवर ठेवून पुरं मिनिटभर ऐकलं, टॉर्च मारून बाहुल्या पाहिल्या आणि मान हलवली. काकींनी ओट्यावरचे डबे सरकवून मला जागा करून दिली. तिथेच उभ्याने मी मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्राचा फॉर्म भरला. मृत्यूच्या कारणापुढे लिहिलं, 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट', म्हणजे हृदय आणि श्वास थांबणं. सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. दोन मिनिटंही लागली नसतील. मुलाने कागदाची घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली. सकाळी आठला त्यांनी काकांना भोईवाड्याच्या स्मशानभूमीत नेलं.

पुढची सतरा वर्षं मला त्या कागदाची आठवणसुद्धा आली नाही.

आली ती एका रविवारी सकाळी, परळच्या एका सभागृहात, हातात चहाचा कागदी कप असताना. आम्हा डॉक्टरांना महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी तीस क्रेडिट तास जमवावे लागतात. म्हणजे पाच वर्षांत इतके तास शिकल्याचा दाखला द्यायचा. त्याचं नाव कंटिन्युइंग मेडिकल एज्युकेशन, बोलताना आम्ही नुसतं सीएमई म्हणतो. मधुमेहाच्या नव्या गोळ्या, रक्तदाबाचे नवे आकडे, गुडघ्याची इंजेक्शनं, थायरॉइड, या सगळ्यांवर मी आजवर पुष्कळ व्याख्यानं ऐकली. त्यांचा उपयोगही झाला, माझ्या पेशंटना झाला. पण १९९७ पासून प्रॅक्टिस करताना जो कागद मी शेकडो वेळा भरला, तो कसा भरायचा हे शिकवणारं एकही व्याख्यान माझ्या वाट्याला आलं नव्हतं. कॉलेजात न्यायवैद्यकाच्या तासाला त्याचं एक पान होतं. परीक्षेला ते आलं नाही, म्हणून डोक्यातूनही गेलं.

शिकवायला आलेल्या बाई जनआरोग्याच्या निवृत्त प्राध्यापक होत्या. त्यांनी स्लाइड लावली नाही. प्रत्येकाच्या हातात एका पेशंटची हकीकत आणि कोरा नमुना ४-अ दिला. रुग्णालयात मृत्यू झाला तर नमुना ४ आणि घरी झाला तर ४-अ, एवढं आम्हाला ठाऊक होतं. हकीकत अशी होती : बाई, वय ६२, पंधरा वर्षांपासून मधुमेह. पायाला जखम झाली, ती चिघळली. तीन आठवड्यांपूर्वी पाय काळा पडला. तीन दिवसांपूर्वी थंडी वाजून ताप आला, रक्तदाब घसरला. आज पहाटे मृत्यू. बाई म्हणाल्या, "पाच मिनिटं. शेजाऱ्याचं बघायचं नाही."

मग त्यांनी कागद गोळा केले आणि नावं न घेता एकेक वाचून दाखवले. कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट. कार्डिअॅक अरेस्ट. मल्टिऑर्गन फेल्युअर. पुन्हा अरेस्ट. माझाही त्यात होता. वाचणाऱ्या बाईंच्या आवाजात कुठेही दोष देण्याचा सूर नव्हता, आणि त्यानेच मला जास्त लागलं. सभागृहात चाळीस-चाळीस वर्षं प्रॅक्टिस केलेली माणसं बसली होती. खुर्च्या सरकवण्याचा आवाजही येईना.

त्यांनी फळ्यावर तीन ओळी आखल्या. वरच्या ओळीत सेप्टिसिमिया, म्हणजे रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, तीन दिवस. तिच्याखाली पायाचं गँगरीन, तीन आठवडे. तिच्याखाली टाइप टू मधुमेह, पंधरा वर्षं. दोन-दोन ओळींच्या मधल्या जागेत त्यांनी खडूने मोठ्या अक्षरांत एकच शब्द लिहिला : कशामुळे? म्हणाल्या, लहान मूल कसं 'का', 'का' करत तुम्हाला भंडावून सोडतं, तसं स्वतःला विचारत खाली उतरायचं. सेप्टिसिमिया कशामुळे? गँगरीनमुळे. ते कशामुळे? मधुमेहामुळे. जिथे 'कशामुळे'ला पुढे उत्तर उरत नाही, ती सगळ्यात खालची ओळ. मोजली जाते ती तीच. वरची ओळ मरण कसं आलं ते सांगते. कुठून आलं, ते खालची. आणि हृदय थांबणं, श्वास थांबणं ही मरणाची खूण आहे. तिला कारण म्हणून लिहिणं म्हणजे माणूस मेला कारण तो मेला, असं लिहिणं.

ओळींशेजारच्या काळाच्या रकान्याकडे मी आजवर कधी पाहिलंच नव्हतं. आजार आणि मृत्यू यांच्यात किती काळ गेला ते तिथे लिहायचं. बाईंनी दाखवलं की हा रकाना भरताना आपली चूक आपल्यालाच सापडते. वरून खाली जाताना काळ वाढत गेला पाहिजे, तास, दिवस, वर्षं. खालच्या ओळीत वरच्यापेक्षा कमी काळ आला तर साखळी उलटी लागली आहे. फॉर्मच्या दुसऱ्या भागात बाकीचे आजार घालायचे, ज्यांनी हातभार लावला पण जे त्या साखळीत बसत नाहीत. बाई असेल तर गरोदर होती का, बाळंत झाली होती का, ते विचारलेलं असतं. तो प्रश्न कोरा राहिला की एका बाळंतिणीचा मृत्यू बाळंतिणींच्या हिशेबातून निसटतो. शिवाय संक्षेप टाळायचे. 'एमएस' लिहिलं तर हृदयाची झडप अरुंद होण्यापासून मेंदूच्या मल्टिपल स्क्लेरोसिसपर्यंत काहीही निघू शकतं आणि कोड देणाऱ्याने काय समजायचं?

कोड देणारा हा माणूस मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला. म्हणजे प्रत्यक्ष नव्हे, पण तो आहे आणि माझं लिहिणं वाचतो, हे कळलं. १८९३ साली जाक बर्तियाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने मृत्यूच्या कारणांची एक यादी मांडली. ती वाढत वाढत आजचं आयसीडी झालं, आजारांचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण. जगातल्या प्रत्येक मृत्यूच्या खालच्या ओळीला त्यात एक अक्षर आणि काही आकडे मिळतात. अरेस्टलाही मिळतो, आय ४६. पण तो कोड आरोग्यखात्याला काहीच सांगत नाही. कुठे औषध पाठवायचं, कुठे पाणी तपासायचं, कुठल्या कारखान्याची धूळ मोजायची, काही नाही. अशा कोडांना या शास्त्रातले लोक सरळ 'कचरा कोड' म्हणतात.

त्या शब्दाबरोबर मला काका आठवले.

काका मालवणकडचे. वयाच्या अठराव्या वर्षी मुंबईत आले आणि एका गिरणीच्या कार्डिंग खात्यात लागले. कापूस पिंजून त्याच्या पेळू होतात ते खातं. १९८२ चा संप झाला तोवर ते तिथेच होते. संपानंतर गिरणीने परत घेतलं नाही, मग एका सोसायटीत वॉचमन झाले. माझ्याकडे यायला लागले तेव्हा साठी ओलांडली होती आणि दोन जिने चढले की तिसऱ्याच्या पायथ्याशी बसावं लागायचं. एकदा मी विचारलं, हा दम कधीपासून? ते म्हणाले, "गिरणीत असल्यापासना. रविवारी मी बरो, सोमवारी पाळीक गेलंय की छातीवर कोणतरी बसल्यासारखा वाटता. मंगळवारी वायच कमी."

हे वाक्य मी ऐकलं होतं. माझ्या कानांनी, माझ्या दवाखान्यात, टेबलाच्या या बाजूला बसून. आणि केसपेपरवर 'दमा' असं लिहून पंपाची चिठ्ठी दिली होती.

सोमवारचा तो जडपणा वैद्यकाच्या पुस्तकात आहे. त्याचं नाव बिसिनोसिस, कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार. सुट्टीचा दिवस मध्ये गेला की शरीर धुळीला जणू विसरतं आणि कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते. वर्षं जातात तसा तो सोमवार मंगळवारात, मग बुधवारात शिरतो आणि शेवटी आठवड्याचे सगळे दिवस तसेच होतात. धूळ सगळ्यात जास्त ब्लो-रूम, म्हणजे कापूस मोकळा करण्याचं खातं, आणि कार्डिंगमध्ये. आमच्याच परळच्या केईएम रुग्णालयाच्या छातीच्या विभागातल्या डॉ. एस. आर. कामतांनी सहकाऱ्यांबरोबर कापडगिरण्यांतल्या कामगारांच्या फुप्फुसांचा पाच वर्षं पाठपुरावा केला आणि १९८१ मध्ये तो अभ्यास छापून आला. म्हणजे दवाखान्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर हे ज्ञान तयार झालं होतं. तेव्हाच्या कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या परिशिष्टात हा आजार व्यवसायजन्य म्हणून नोंदलेला होता. काकांच्या कागदावर खालच्या ओळीत मी त्याचं नाव लिहायला हवं होतं, निदान 'दीर्घकालीन श्वासनलिकेचा आजार, कापसाच्या धुळीशी संबंध असण्याची शक्यता' एवढं तरी. मी तो शब्द लिहिला असता तर काका परत आले नसते, काकींना लगेच पैसेही मिळाले नसते. पण या शहराने ज्या माणसांच्या छातीवर आपलं कापड विणलं, त्यांतला एक माणूस कशाने गेला हे शहराच्या वहीत उमटलं असतं. माझ्याकडून ते राहिलं. आणि माझ्यासारखे किती डॉक्टर किती रात्री किती ओट्यांवर उभे राहून तोच एक शब्द लिहीत होते, ते कुणालाच मोजता येणार नाही, कारण मोजायचं साधन म्हणजे नेमका तो कागद.

यात फक्त आळस नसतो, हेही सांगायला हवं. रात्रीची वेळ असते, घरात रडारड असते, गावाहून येणाऱ्यांसाठी थांबायचं की नाही यावर भावांचं एकमत होत नसतं आणि कागद हातात पडल्याशिवाय पुढचं घोडं हलत नाही. शेवटच्या आजारात ज्याने उपचार केले त्याच डॉक्टरने सही करायची असते. त्यामुळे पेशंट आपला नसेल तर डॉक्टर नाही म्हणतो आणि तो बरोबरच असतो, पण मृतदेह घरात ठेवून या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरणाऱ्या मुलाला ते कसं समजावणार? विषबाधा, पडणं, भाजणं, असं काही असेल तर सही करायचीच नसते, पोलिसांना कळवायचं असतं. मग माझ्यासारखी जी सही करू शकते, ती लवकरात लवकर करून त्या घराला मोकळं करते. ते मी दयेपोटीच करत होते.

दुसरं म्हणजे आर्जव. "डॉक्टर, टीबी लिहू नका हो, बहिणीचं लग्न व्हायचंय." "दारूचं काही घालू नका, आई ऐकेल." हे मी खूप ऐकलंय आणि खूपदा ऐकून घेतलंय. आता मी त्यांना एक गोष्ट सांगते, जी मलाही बाईंनीच सांगितली. घरच्यांना पालिकेच्या वॉर्ड ऑफिसातून जो मृत्यूचा दाखला मिळतो, बँकेत आणि विम्यात दाखवायचा तो, त्यावर कारण छापलेलं नसतं. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या १७ व्या कलमातच तशी तजवीज आहे, नोंदीचा उतारा कुणालाही देताना त्यात मृत्यूचं कारण उघड करायचं नाही. म्हणजे टीबी मी लिहिला तरी तो सोयऱ्यांच्या हातात पडत नाही. तो पडतो त्या लोकांच्या हातात, जे त्याच खोलीतल्या उरलेल्या पाच जणांची थुंकी तपासायला माणूस पाठवू शकतात. हे सांगितलं की बहुतेक घरं गप्प होतात, आणि मग कुणीतरी हळूच विचारतं, "आमचीपण तपासणी करून घेऊ का?"

मुंबईने हा धडा एकदा फार मोठ्या किमतीला शिकून ठेवलेला आहे. ब्रिटिश अमदानीतल्या मृत्यूच्या नोंदवह्यांत 'ताप' हा रकाना सगळ्यात फुगलेला असे. कशानेही माणूस गेला की ताप. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात माणसं पटापट मरू लागली, तेव्हाही तापच होता. डॉ. अकासिओ व्हिएगस तिथे प्रॅक्टिस करत होते. त्यांनी पेशंटच्या जांघेतल्या गाठी पाहिल्या आणि त्या तापाला प्लेग हे नाव दिलं. नाव घेण्याने काय काय होणार हे व्यापारी शहरातल्या डॉक्टरला कळत नसेल असं नाही. बंदर अडणार, घरं झडती घेऊन धुतली जाणार, माणसं गाव सोडणार. सगळं झालंही. पण नाव घेतल्यामुळेच जंतुशास्त्रज्ञ हाफकिनना इथे बोलावलं गेलं आणि त्यांनी जानेवारी १८९७ मध्ये लस आधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या हाफकिन संस्थेच्या फाटकावरून मी रोज जाते. व्हिएगसांचा पुतळा धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर उभा आहे. त्या रविवारनंतर एकदा मुद्दाम तिथे उतरले आणि थोडा वेळ थांबले. गाठीवर बोट ठेवून 'कशामुळे' विचारणारा माणूस तो. मीही आता त्याच कामाला लागणार होते, लहान प्रमाणात.

आता संगणकाचं. २०२३ मध्ये जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. जन्म आणि मृत्यूच्या नोंदी आता इलेक्ट्रॉनिक, राज्याची आणि देशाची मिळून एक सामाईक साठवण. रुग्णालय सरकारी असो की खासगी, मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र त्याने फुकट द्यायचं, निबंधकालाही आणि जवळच्या नातेवाइकालाही त्याची प्रत. मला याचा मनापासून आनंद आहे. दाखल्यासाठी वॉर्ड ऑफिसच्या खिडकीवर पाच-पाच खेपा घातलेली माणसं मी पाहिली आहेत. नावातल्या एका वेलांटीपायी पेन्शन अडलेल्या बायका पाहिल्या आहेत. नोंदणीची २१ दिवसांची मुदत उलटली की किती जिने चढावे लागतात तेही पाहिलंय. ते कमी होत असेल तर उत्तमच.

पण माझी मुलगी एका रुग्णालयात मेडिसिनची रेसिडेंट आहे. तिचा एकदा पहाटे पाचला फोन आला. रात्रीत तीन मृत्यू, त्यातल्या एका आजोबांचं प्रमाणपत्र तिने भरायचं होतं. स्क्रीनवर ओळी होत्या, तिने थोडा विचार केला, तेवढ्यात सीनियर म्हणाला, अरेस्ट टाक आणि खाली जा, नवीन अॅडमिशन आलंय. तिने टाकलं. संगणकाने घेतलं. हिरवी खूण आली. "आई, त्याने काहीच विचारलं नाही," ती म्हणाली. त्या वाक्यात रडू होतं.

मी तिला म्हटलं, त्याला कुणी शिकवलेलं नाही तसं तुलाही कुणी शिकवलेलं नाही. सकाळी युनिटच्या सरांना भेट, दुरुस्तीचा रस्ता विचार. तिने तो विचारला आणि त्यांनी दिला. आता त्यांच्या वॉर्डात भिंतीवर एक पान चिकटवलंय, तीन ओळी आणि मध्ये 'कशामुळे'. ते तिने स्वतः लिहून लावलं. माझं म्हणणं इतकंच आहे, आणि ते मी ज्या ज्या सभेत संधी मिळते तिथे मांडते, की या शिक्षणाला हौशीवर सोडू नये. तीस तासांतला एक तास याचा असावा. मोठ्या रुग्णालयांत हा कागद सगळ्यात धाकट्या, सगळ्यात थकलेल्या डॉक्टरच्या पुढ्यात येतो, त्याला पहिल्या रात्रपाळीच्या आधी तो शिकवलेला असावा. बंगळुरूच्या राष्ट्रीय रोगमाहिती संस्थेने रुग्णालयांसाठी ई-मॉर नावाची प्रणाली काढली आहे, जागतिक आरोग्य संघटनेची साधनं आहेत, ती साखळी तपासायला मदत करतात. मदतच करतात. पेशंटची छाती ऐकलेली असते ती आपण.

देशपातळीवरचा आकडा पाहिला की मुंबईत असण्याची जबाबदारी अंगावर येते. २०२० मध्ये देशात जेवढे मृत्यू नोंदले गेले, त्यांतल्या जेमतेम २२-२३ टक्क्यांनाच डॉक्टरने प्रमाणित केलेलं कारण होतं. बाकीच्यांतल्या पुष्कळांजवळ शेवटच्या वेळी डॉक्टर नव्हताच. आपल्याकडे स्मशानभूमीच्या खिडकीवर डॉक्टरचा कागद मागतात, म्हणजे कारण मिळवायची सोय आहे. या सोयीवर या शहरात मोठी कामं उभी राहिली. देशातली लोकसंख्येवर आधारलेली पहिली कर्करोग नोंदणी १९६३ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि तिच्या माणसांनी पालिकेच्या मृत्यूनोंदींतून असे पेशंट शोधले, ज्यांचा कर्करोग कुठल्याच रुग्णालयाच्या यादीत नव्हता. कुणीतरी घरच्या डॉक्टरने ४-अ वर नीट लिहिलं होतं म्हणून ते सापडले. त्या डॉक्टरांची नावं कुणाला ठाऊक नाहीत, मला मात्र ती माणसं जवळची वाटतात.

कोविडात तर हे सगळ्यांनीच पाहिलं. १६ जून २०२० रोजी राज्याने जुने कागद ताडून १,३२८ मृत्यू एकदम कोविडच्या हिशेबात धरले, त्यातले ८६२ मुंबईतले. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कुटुंबांना पन्नास हजार रुपयांचं साहाय्य ठरलं आणि माझ्या दवाखान्यात फायली घेऊन बायका येऊ लागल्या. "मॅडम, ह्यांच्या कागदावर नुसतं न्यूमोनिया आहे." न्यूमोनिया कशामुळे, हे कुणी एका ओळीत लिहिलं असतं तर त्या बाईच्या खेपा वाचल्या असत्या. तेव्हा मी चिडले होते, लिहिणाऱ्या अनोळखी डॉक्टरवर. स्वतःचा २००६ चा कागद तेव्हाही आठवला नव्हता.

तो दुरुस्त करता येईल का, हे मी विचारून आले. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या १५ व्या कलमात चुकीच्या नोंदीची दुरुस्ती आहे. तिची रीत मला फार आवडली. मूळ नोंद खोडायची नाही, तिला हात लावायचा नाही. समासात योग्य ते लिहायचं, सही करायची, तारीख टाकायची. म्हणजे चूकही राहते आणि ती कुणाच्या तरी लक्षात आली हेही राहतं. कारकुनाने माझं सगळं शांतपणे ऐकलं. म्हणाला, "मॅडम, काही कागद आहे का? एक्स-रे, विम्याच्या दवाखान्याचा रिपोर्ट?" मी काकांच्या मुलाला विचारलं. चाळ पुनर्विकासाला गेली, दोन वर्षं संक्रमण शिबिरात काढली, तेव्हा गिरणीची आणि विम्याची जुनी पिशवी कुठे गेली त्याला आठवत नव्हतं. माझ्याकडे होता एक केसपेपर, त्यावर माझ्याच अक्षरात 'दमा'. आणि काकांचं सोमवारचं वाक्य, जे मी तेव्हा लिहून ठेवलं नव्हतं. समास कोराच राहिला.

गेल्या श्रावणात काकी गेल्या. आता घर एकोणिसाव्या मजल्यावर, लिफ्ट, पण ओट्यावरचे डबे तेच, पितळी झाकणाचे. मूत्रपिंडं निकामी होऊन आठ महिने झाले होते. डायलिसिस नको, घरीच राहीन, असं त्यांनी स्वतः ठरवलं होतं आणि मी दर बुधवारी जात होते. मुलगा आता पन्नाशीचा. मी तपासलं, मग जेवणाच्या टेबलाशी बसले आणि पिशवीतून त्यांची फाइल काढली. मधुमेह कधी निघाला, ते पहिल्या पानावर होतं. लघवीतून प्रथिनं जायला लागल्याचा रिपोर्ट कुठला, तो शोधला. तारखा कागदाच्या कोपऱ्यावर मांडल्या, वजाबाक्या केल्या. मूत्रपिंड निकामी होणं, आठ महिने. डायबेटिक नेफ्रोपॅथी, म्हणजे मधुमेहाने झालेला मूत्रपिंडाचा विकार, सहा वर्षं. टाइप टू मधुमेह, बावीस वर्षं. दुसऱ्या भागात उच्च रक्तदाब. मोठ्या सुट्या अक्षरांत, एकही संक्षेप न घेता.

मुलगा शेजारी उभा होता. म्हणाला, "बाबांच्या वेळी तुम्ही लगेच लिहून दिलं होतंत."

"हो," मी म्हटलं. "बाबांचं मी नीट लिहिलं नाही. तेव्हा मला येत नव्हतं."

तो काही बोलला नाही. पाण्याचा पेला माझ्यापुढे ठेवला आणि माझं होईपर्यंत थांबला.

सकाळी साडेनऊला मी दवाखाना उघडत होते तेव्हा स्मशानभूमीतून मृत्यूनोंदणीच्या कारकुनाचा फोन आला. पाऊस जोरात होता. कागद भिजला होता आणि जेल पेनाची शाई मधल्या ओळीत पसरली होती. "मॅडम, वरचं कळलं, खालचं डायबेटिस कळलं. मधलं लागत नाही. सोडून देऊ का?"

"नको," मी म्हटलं. "सांगते. लिहून घ्या. एन."

"एन."

"ई. पी. एच."

मागे पावसाचा आवाज होता आणि तो एकेक अक्षर परत म्हणत होता.